सातवं पाप, हळदीच्या पानावर

आशाचा मेसेज आला तेव्हा मी सुदेशच्या स्वयंपाकघरात अनवाणी उभी होते, अंगात त्याचा निळा सदरा होता आणि हातात अर्धवट खवलेली नारळाची वाटी. ‘अगं लतिका, गाडी बिघडली का? जिमी भागात सुदेशच्या बिल्डिंगखाली उभी दिसली. ह्यांना काल रात्रीही दिसली होती म्हणे. हनीफला पाठवू का?’ आणि शेवटी जोडलेले हात, त्यापुढे एक फूल. शनिवारची सकाळ होती, ऊन अजून चावायला लागलं नव्हतं, समोरच्या खजुरीत बुलबुल ओरडत होते, आणि मेसेज वाचता वाचता वाटी माझ्या हातातून सुटली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. अमिरातीतल्या अल ऐनमध्ये माणसं चालत नाहीत. इथे माणूस ओळखायचा तो गाडीवरून, आणि पांढऱ्या गाड्यांच्या या गावात माझी गाडी पिवळी. पिवळी म्हणजे धमक पिवळी, लिंबाच्या सालीची. माझा नवरा संजय गेल्यानंतर पहिल्यांदाच मी एकटीने घेतलेली वस्तू. तो असता तर म्हणाला असता, पांढरी घे लतिका, रीसेलला बरी पडते. संजयचं सगळं असं विचार करून असायचं, आणि खरं सांगायचं तर त्या विचारीपणात मी वीस-बावीस वर्षं सुखात राहिले. पण शोरूममधल्या त्या पोरीने विचारलं, ‘कलर, मॅडम?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, येलो. तेव्हा कुठे माहीत होतं की ही पिवळी गाडी एक दिवस माझी चुगली करणार आहे. दर शुक्रवारी मी ती भाजी मंडईमागे लावायची आणि तिथून डोक्यावर ओढणी घेऊन सुदेशच्या घरी चालत यायची. काल मात्र हातात दोन नारळांच्या पिशव्या, माझ्या देवांशच्या बारशाला आईने दिलेलं जाड बुडाचं पितळी पातेलं आणि गूळ. म्हटलं, मरू दे, पाच मिनिटांसाठी खाली लावते, मग हलवते. मग हलवली नाही. मग सकाळच झाली.

‘काय पडलं?’ सुदेशने मान न वळवता विचारलं. तो काकडी किसत होता. हा माणूस गुहागरचा, इथे पाण्याच्या प्लांटवर मेंटेनन्स इंजिनीयर, बायकोपासून फार पूर्वी रीतसर वेगळा झालेला, हनुवटीवर पांढरी बोकडदाढी. स्वयंपाकाला उभा राहिला की त्याच्या तोंडातून ऐकूही येणार नाही अशी शीळ चालू असते. मी फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्याने चष्मा कपाळावरून खाली ढकलला, वाचलं, आणि चक्क हसला.

‘मग सांग ना, नाही बिघडली म्हणून.’

‘आणि पुढे ती विचारेल, मग तिथे काय करत होती.’

‘विचारेल तेव्हा सांग.’

‘इतकं सोपं असतं होय रे?’

‘मला तर सोपं वाटतं. रवा न करपवता भाजणं अवघड. तो बघ, हलव जरा.’

मी रवा हलवायला लागले. गेले कित्येक महिने तो हेच म्हणतोय, चोरून कशाला, सांगू या, कॉन्सुलेटमध्ये जाऊन लग्नाची सही करू या, आपण काय कुणाचं घेतलंय. आणि माझं एकच उत्तर, आधी देवांशला सांगू दे. इथलं मराठी मंडळ गेलं खड्ड्यात असं नुसतं म्हणायचं, खरं तर तेही नको होतं जायला, या वाळवंटात ती चार घरंच माझं माहेर. पण देवांशची गोष्ट वेगळी. माझा मुलगा दुबईत नोकरी करतो, बापाच्या आठवणीने अजून त्याचं घड्याळ घालतो, आणि मला भीती होती की एकदा का त्याने माझ्याकडे त्या नजरेने बघितलं, त्या म्हणजे कुठल्या ते मला सांगता येत नाही, पण बघितलं, तर मी उरलेलं सगळं आयुष्य या काकडीसारखी किसली जाईन. आज तो भोंडल्याला येणार होता. मंडळाचा भोंडला, आणि खिरापत आणायची पाळी माझी. मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सुदेश म्हणाला होता, मी करतो, अशी खिरापत करतो की तुमच्या पुण्या-नागपूरच्या बायकांच्या सात पिढ्यांना ओळखता यायची नाही.

हसू येतं ते असं की माझा धंदाच हा. धंदा म्हणजे युनिव्हर्सिटीत मी इंजिनीयरिंगच्या पोरींना रिपोर्ट लिहायला शिकवते, पण माझं खरं मन सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात. तिथल्या नाव न उरलेल्या एका पाद्र्याने साध्यासुध्या लोकांसाठी, लॅटिन न कळणाऱ्यांसाठी, पापांवर लिहिलेली एक लांबच लांब कविता, आणि त्यात कामवासनेचं प्रकरण, त्यावर मी पेपर लिहितेय. लिहितेय म्हणजे देवांश शाळेत होता तेव्हापासून लिहितेय. त्या काळच्या त्या धार्मिक कवींची पापांची उतरंड ठरलेली असते: गर्व सगळ्यांत वर, आणि ही आपली शेवटी, बहुतेकदा सातवी. सातवी म्हणून हलकी मात्र नाही हं. चिखल म्हणतात, आग म्हणतात, बोकड म्हणतात. तिच्या आत पुन्हा पायऱ्या. एकट्याने एकटीकडे जाणं ही सगळ्यांत खालची पायरी, मग दुसऱ्याची बायको, मग नात्यातली, मग जोगीण, असं करत करत माझा पाद्री धापा टाकत वर चढतो. आणि त्या खालच्या पायरीवरच त्याचा सगळ्यांत जास्त जीव अडकलेला. का, तर लोक ऐकत नाहीत! लोक म्हणतात, दोघं सडे, दोघांची खुशी, यात पाप ते काय? तो ओरडतो, पाप आहे रे मूर्खांनो, तेवढ्यानेही नरकात जाल. पुन्हा दोन पानांनी तेच ओरडतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याच्या ओरडण्यामागून ते लोक ऐकू आले. जत्रेहून परतणारे, चिखलाच्या पायांचे, दारूने लाल झालेले, हसणारे लोक. त्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. पण पाद्रीबुवांना इतकं चिडावं लागलं म्हणजे ते होते, आणि भरपूर होते. माझा अख्खा पेपर म्हणजे त्या लोकांची बाजू घेणं आहे, फक्त हे रेफरन्सेस लावून म्हणायचं असतं.

आणि अशी सगळी विद्या डोक्यात ठेवून मी आशाला काय लिहिलं? ‘हो गं, बॅटरी गेली वाटतं.’ पाठवलं, आणि पाठवल्याबरोबर कळलं की मी सातव्या पायरीवरून उडी मारून थापेबाजीच्या पायरीवर येऊन उभी राहिले, आणि ती निदान माझ्या पाद्र्याच्या हिशेबात तरी सोपी नाही. सुदेशने काकडीचा कीस पातेल्यात घातला, गूळ घातला, आणि त्याची शीळ थांबली. ती थांबलेली मला जास्त लागली.

कबुली घेण्याची या पाद्र्यांची एक पद्धत होती. पाप्याने नुसतं केलं म्हणून चालायचं नाही. कुठे, केव्हा, कुणाबरोबर, कशासाठी, सगळं विचारायचं. पण त्यातच एक गंमत होती, म्हणजे मला ती नेहमी गंमत वाटत आली. फार खोदून विचारायचं नाही. एखाद्या भोळ्या बाईला विचारलंत, तू असं केलंस का, आणि तिला ते ठाऊकच नसेल, तर तुम्हीच शिकवलंत की! म्हणून आजूबाजूने विचारायचं, आणि नाव तिच्याच तोंडून येऊ द्यायचं. गाडी बिघडली का गं, इतकंच. आशा आमच्या मंडळाची महिलाप्रमुख, कणकवलीची, आवाज असा की माइक नको. तिच्याबद्दल मी हा विचार सकाळी केला तो रागाने केला. म्हटलं, हिला सगळं कळलंय आणि ही मला आजूबाजूने विचारतेय, पाद्रीण मेली.

पाद्रिणीने तेवढ्यावर थांबावं की नाही? काकडीची ती कोकणी तवसळी ओव्हनमध्ये गेली न गेली तोच खालून हॉर्न. हनीफ आला होता. चक्क जंप केबल घेऊन, सुट्टीच्या दिवशी, आशाभाभींचा फोन म्हणून. हनीफ म्हणजे चिपळूणचा, सनैय्यात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, त्याचं गॅरेज, अल ऐनमधल्या समस्त मराठी गाड्यांची नाडी त्याच्या हातात. मी घाईघाईने पंजाबी चढवला, तोही उलटा, लिफ्टमध्ये कळलं तेव्हा वेळ गेलेली. त्याने चावी घेतली, आत बसला, फिरवली, आणि गाडी अशी खणखणीत सुरू झाली की बुलबुल उडाले. त्याने पुन्हा बंद केली. पुन्हा सुरू केली. मग खाली उतरून माझ्याकडे बघितलं, माझ्या उलट्या शिवणींकडे बघितलं, वर दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बघितलं, जिथे सुदेश हळदीच्या कुंड्यांना पाणी घालण्याचं नाटक करत होता. त्या कुंड्यांना कुणी पाणी घालत नाही. त्या एसीच्या पाण्यावर वाढतात.

‘मॅडम, बॅटरी तर एकदम टकाटक आहे. आपणच रमजानच्या आधी बदलली ना.’

‘हो का? मग काय झालं असेल हो?’

‘काहीच नाही झालं,’ हनीफ म्हणाला. त्याच्या मिशीचं एक टोक हलत होतं. ‘आता आशाभाभी विचारतील. त्यांना काय सांगू?’

सांगा, बदलली, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण दोन्ही हातांत जंप केबल घेऊन तो माणूस इतक्या आदराने उभा होता की मला ती दुसरी थाप काही मारवेना.

‘तुम्हीच सांगा, हनीफभाई, काय सांगावं.’

‘खोटं तर मी नाही बोलत, मॅडम. मी सांगतो, गाडी चालू आहे.’ त्याने केबल गुंडाळली. ‘ते तर खरंच आहे. यल्ला, निघतो. वर काहीतरी छान भाजतंय.’

त्याची पिकअप वळणावरून गेली आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. त्या पार्किंगमध्ये, उलट्या पंजाबीत, एका पाकिस्तानी लाँड्रीवाल्याच्या समोर मी गाडीला टेकून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर बाल्कनीत सुदेशही हसत होता. हसता हसता मला जाणवलं की काल रात्रीपासून माझ्या अंगात एक ऊब आहे आणि ती अजून गेलेली नाही. खांद्यांत, पोटऱ्यांत, मानेच्या मागे, जिथे त्याची दाढी टोचते तिथे. पन्नाशी उलटलेलं हे अंग मी गोळ्या वेळेवर घालण्यापुरतं सांभाळत होते. त्याला भूक आहे, त्याला खोडी काढता येते, ते मध्येच खुदकन हसतं, हे मला नव्यानेच कळत होतं. माझ्या पाद्र्यांनी त्या आगीबद्दल पानंच्या पानं लिहिली. पण तिच्यापाशी हात शेकायला किती बरं वाटतं, हे त्यांनी लिहिलं नाही. एकदा ऑफिसात माझी यम्ना नावाची विद्यार्थिनी समोरच्या कागदांत डोकावली होती. हुशार पोरगी, इथलीच, आजीच्या खजुरांची बाग आहे त्यांची. मी तिला सांगितलं कविता कशाबद्दल आहे ते. ती काळ्या शेल्याचं टोक सारखं करत म्हणाली, ‘मिस, ही इज सो वरीड. ही मस्ट हॅव लव्हड समबडी.’ सगळ्या टीकाकारांनी मिळून मला एवढं सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात पाप हा शब्द दिवसातून दहा वेळा यायचा. सांगलीला, गणपती पेठेमागच्या दोन खोल्यांत, आई म्हणायची, पुस्तकाला पाय लावू नको, पाप लागेल. पानात भात टाकू नको, पाप. पाल मारू नको. पण या गोष्टीला ती पाप म्हणायची नाही. या गोष्टीला ती काहीच म्हणायची नाही. समोरच्या बोळातली कुणी मुलगी कुणाबरोबर दिसली की आवाज खाली जायचा आणि आई मावशीला म्हणायची, ‘तसलं काहीतरी आहे म्हणे.’ तसलं. लग्नाआधी मला तिने एवढंच सांगितलं की नवऱ्याला तसलं लागतं, नाही म्हणू नये. संजयने आणि मी त्याला पुढे ‘झोपू या’ म्हटलं. चांगला होता संजय, हळू बोलायचा, माझं पांघरूण नीट करून मग दिवा मालवायचा. तक्रार नाही. पण नाव नव्हतंच कशाला. म्हणूनच असेल, कॉलेजात त्या पाद्र्यांची पहिली पानं हातात आली तेव्हा मला हेवा वाटला होता. शिव्या देतात, पण काय धडाधड नावं घेतात! चुंबनाला नाव, नजरेला नाव, स्वप्नातल्याला नाव. ज्याला इतकी नावं असतात ते माणसाच्या जगण्यातलं असतं, तसलं नसतं.

वर आले तर ओव्हन उघडा होता आणि घरभर वास पसरलेला: गूळ, खोबरं, काकडीचा तो ओला हिरवा वास, आणि तळाला घातलेलं हळदीचं पान तापून त्याचा निघालेला. सुदेशने पातेलं ओट्यावर ठेवलं. ‘लतिका,’ तो म्हणाला, ‘तुला नको असेल तर नको सांगू. मी आज भोंडल्याला येणार, खुर्च्या मांडणार, चहाच्या थर्मासपाशी उभा राहणार, आणि तुला ताई म्हणणार नाही. एवढंच करणार.’ त्यात राग नव्हता. पण त्याच्या डोळ्यांत थकवा दिसला मला, आणि भीतीच वाटली. म्हटलं, हा माणूस असाच समजूतदारपणे वाट बघत बघत एक दिवस वाट बघायचा थांबेल, मला न दुखवता. आणि मग मी त्या पिवळ्या गाडीतून कुठे जाणार आहे?

दुपारी मी माझ्या घरी पोचले आणि मागोमाग देवांश आला. ‘हाय मम्मा’ करून बूट दारातच भिरकावले, सोफ्यावर पसरला, फ्रिज उघडून बंद केला. मी ठरवलं होतं, जेवताना सांगायचं. जेवताना तो त्याच्या मॅनेजरबद्दल बोलत होता. मग ठरवलं, चहाला. चहाला म्हटलं, ‘देवांश, मला तुझ्याशी बोलायचंय.’ तो फोनमधून वर बघत म्हणाला, ‘इज इट हेल्थ?’ आणि एका क्षणात त्याचा चेहरा असा पांढरा झाला की मला त्याचा बाप आठवला, हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर आठवला, आणि मी म्हणाले, ‘छे रे बाबा, ठणठणीत आहे मी, भोंडल्याला कुडता घाल एवढंच.’ त्याने सुस्कारा सोडला. ‘मम्मा, डोन्ट डू दॅट.’ हॉलकडे जाताना गाडी तोच चालवत होता, डबा माझ्या मांडीवर, तळातून अजून कोमट. जबल हफीतचा डोंगर समोर उन्हात तपकिरी पडलेला. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा एसी वाढव म्हणाले. तो म्हणाला, ‘व्हॉट्स दॅट स्मेल? समथिंग फ्रॉम व्हेन आय वॉज स्मॉल?’ त्याने ते लहानपणी कधीच खाल्लं नव्हतं. पण मला ते ऐकून उगाच बरं वाटलं.

हॉल भरला होता. मध्ये पाटावर हत्ती; एकदा इथल्या पोरांनी हत्तीच्या जागी उंट रंगवून आणला होता आणि आम्ही त्याच्याभोवतीही तितक्याच भक्तीने फेर धरला होता. पुरुषमंडळी बाहेर व्हरांड्यात, सुदेश थर्मासपाशी. आशाने मला बघितलं, जरीच्या साडीत ती आणखीच मोठी दिसत होती, आणि म्हणाली, ‘झाली का गाडी?’

‘चालू आहे,’ मी म्हणाले.

‘हो, हनीफ म्हणाला.’ बस. पुढे काही नाही. माझा हात धरून तिने मला फेरात ओढलं. हाताला हात, पावलाला पाऊल, सासरमाहेरची ती जुनी गाणी, कुणाला दुसरं कडवं येतं तर कुणाला तिसरं. माझ्या पाद्र्याचा या फेरांवरही फार राग. चर्चच्या अंगणात बाया-पुरुष हात धरून गोल फिरत गातात, आणि तिथूनच सातव्या पापाचं दार उघडतं म्हणे. मला वाटायचं, अतिच करतो. पण आज घामेजलेल्या बोटांत बोटं अडकवून फिरताना, बांगड्यांच्या आवाजात, अंग नुसतं तरंगत होतं, आणि मला पटलं की म्हाताऱ्याला नेमकं कळलं होतं. हे सगळं एकच आहे. गाणं, फेर, भूक, काल रात्र. त्याने फक्त त्याला वाईट म्हटलं.

मग खिरापत. डबा माझ्या मांडीवर, झाकण घट्ट, सगळ्या बायका भोवती टेकलेल्या, पोरं पुढे. नियम सगळ्यांना ठाऊक: ओळखा, नाहीच ओळखता आलं तर आणणारीने उघडून सांगायचं, काय आहे आणि कुणी केलं.

‘गोड की तिखट?’

‘गोड.’

‘तळलेलं?’

‘नाही.’

‘नानकटाई!’ ‘खोबऱ्याच्या वड्या!’ ‘बसबूसा! लतिका कुठली करतेय, बेकरीतून आणला असेल!’ हशा. ‘केक!’ ‘जवळ आलात.’ ‘गाजराचा केक!’ ‘नाही.’ नागपूरची मेंढुलकरीण डब्याला नाक लावून गेली. नाशिकवाली म्हणाली, रताळ्याचं काहीतरी. आणि दर वर्षी ज्या बाईपुढे कुणाची खिरापत टिकत नाही, जी झाकण न उघडता मोदकातली खसखस सांगते, ती आशा आज भिंतीला टेकून गप्प. तिच्याकडे मी दोनदा बघितलं. ती पदराने वारा घेत होती.

‘हरलो!’ पोरं ओरडली. ‘हरलो, हरलो! उघडा!’

मी झाकण काढलं. कापलेले तांबूस तुकडे, खाली काळपट हिरवं पान. दारात देवांश उभा होता, कुडता घालून, एक खांदा चौकटीला. संजयही असाच टेकायचा. मला वाटलं, तवसळी म्हणेन आणि गप्प बसेन. मी केली म्हणेन. कोण विचारतंय? आणि तेवढ्यात माझ्या मनात ते चिखलाच्या पायांचे लोक आले, ज्यांच्या बाजूने मी आयुष्यभर तळटिपा लिहिल्या. म्हटलं, लतिका, आता नाही तर कधी गं?

‘तवसळी,’ मी म्हणाले. ‘काकडीची. मला येत नाही. सुदेशने केलीय. आज सकाळी, त्याच्या घरी. मी कालपासून तिथेच होते.’ झाकण मी बाजूला ठेवलं. ‘गाडी बिघडली नव्हती. मी जाते त्याच्याकडे. दर शुक्रवारी जाते. मला तो आवडतो आणि आम्ही लग्न करणार आहोत.’

पंख्यांचा आवाज आला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंखे आहेत हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी बांगडी मागे सारली. मी दाराकडे बघितलं आणि देवांश तिथे नव्हता. चौकट नुसती, मागे पार्किंगचा उजेड. डबा मांडीवर होता म्हणून मी बसलेली राहिले. संपलं, म्हटलं. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तरी आता संपलं.

मग व्हरांड्यात काहीतरी धडपडलं, बहुतेक थर्मास. आणि दारातून देवांश आत आला, सुदेशचं कोपर धरून, जवळजवळ ओढतच. सुदेशच्या सदऱ्यावर चहा सांडलेला, दाढी थरथरतेय.

‘मम्मा, ही वॉज हायडिंग बिहाइंड द वॉटर कूलर,’ देवांश म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. ज्या नजरेला मी इतके महिने घाबरले ती ही नव्हतीच. बारावीच्या रिझल्टच्या दिवशी मी त्याच्याकडे अशी बघत होते. ‘अंकल, सिट. दे आर ईटिंग युअर केक अँड यू आर आउटसाइड.’ मग मराठीत, त्याच्या त्या मोडक्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘माझी आई एवढी घाबरते कशाला मला?’

मग काय विचारता. कोण हसतंय, कोण डोळे पुसतंय, मेंढुलकरीण म्हणाली अगं बाई, मला वाटलं युनिव्हर्सिटीत प्रमोशन झालं म्हणून ही गोरी दिसायला लागली. सगळ्यांनाच पटलं असं नाही. दोघीजणी पर्स उचलून पोरांना घेऊन निघाल्या, आणि त्यांचं निघणं मला दिसलं. पण खिरापत त्यांनीही रुमालात बांधून नेली. देवांश माझ्या शेजारी मांडी घालून बसला, तुकडा तोंडात टाकला, दुसरा घेतला, आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, शाळेतून आल्यावर टेकवायचा तसं.

डबा फिरत फिरत आशापाशी गेला. तिने तुकडा घेतला, खालचं पान सोलून नाकाशी धरलं, डोळे मिटले. मी तिच्याजवळ सरकले.

‘आशा, तू कणकवलीची. तुला तवसळी ओळखता आली नाही?’

‘ओळखता आली नाही म्हणे! तुम्ही पार्किंगमधून येत होतात तेव्हाच वास आला मला. आईची आठवण येऊन डोळ्यांत पाणीच आलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

आशा तोंडात घास असतानाच माझ्याकडे वळली. ‘मी बोलले असते तर तुला सांगायला मिळालं असतं का गं वेडे?’ ती म्हणाली. ‘सकाळपासून वाट बघतेय. हनीफला पाठवला, म्हटलं आता तरी बोलेल. बाई कसली, बॅटरीच गेली म्हणते!’

तिने माझा हात तिच्या चिकट हातात घेतला, आणखी जवळ ओढलं, आणि तो माइक न लागणारा आवाज शक्य तितका खाली आणला.

‘आता नीट सांग बघू सगळं. कुठे भेटलात, केव्हा, कसं सुरू झालं. आणि आधी मला हे सांग, या वाळवंटात त्याला हळदीचं पान मिळालं कुठून?’

आणि मी हळदीच्या कुंड्यांपासून सांगायला लागले.